लोकसेवेची वाट – लेखांक ७ : घाम कोणाचा, पाणी कोणाचे?

गेल्या लेखांकात आपण ग्रामसफाईचा विचार केला. झाडू हाती घेणाऱ्या माणसाला गाव आरंभी हसते, मग ओशाळते आणि अखेरीस, क्वचित का होईना, त्याच्यामागून चालू लागते, हे गाडगेबाबांच्या आणि पहाटे उठून पारनेरचे रस्ते झाडणाऱ्या सेनापती बापटांच्या उदाहरणांवरून आपण पाहिले. झाडूच्या सेवेत एक मोठी सोय असते : स्वच्छ झालेला रस्ता सर्वांच्याच पायांखाली येतो, त्याची वाटणी करावी लागत नाही. आज ज्या सेवेचा विचार करावयाचा आहे, तिच्यात मात्र काम संपते तेथूनच वाटणीचा प्रश्न सुरू होतो. ती सेवा म्हणजे पाण्यासाठी केलेले श्रमदान.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडणाऱ्या नगर, सोलापूर, सांगली, सातारा, पुणे या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील तालुक्यांत, हे दृश्य आता सर्वपरिचित आहे. चैत्र-वैशाखाचे ऊन चढण्यापूर्वी गावकरी टिकाव, फावडी, घमेली घेऊन डोंगराच्या उतारावर जमतात, फक्कीने आखलेल्या समपातळीच्या रेषा धरून सलग समतल चर खणतात, ओघळींत दगडी बांध रचतात, खाली नाल्यावर मातीचे बांध घालतात. ‘माथा ते पायथा’ हे या शास्त्राचे सूत्र आहे : पाणी धावू लागले की माती घेऊन जाते, म्हणून त्याला माथ्यावरच चालावयास शिकवावे, मध्यावर थांबवावे आणि पायथ्याशी जिरवावे. २०१६ साली पानी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावागावांमध्ये ४५ दिवसांची स्पर्धा लावली, ती पुढील वर्षांत कितीतरी तालुक्यांत पसरली, आणि महाराष्ट्रदिनाच्या महाश्रमदानासाठी शहरांतील हजारो माणसे खेड्यांच्या माळावर उतरू लागली. या उत्साहाचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच इरादा नाही. तथापि उत्साहाचाही हिशेब मांडावा लागतो. तो एकदा मांडून पाहू.

६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा १०० मीटर लांबीचा चर खणला, तर त्यात एका वेळी १८,००० लिटर पाणी मावते. मुरमाड जमिनीत, मे महिन्याच्या तापलेल्या सकाळी, एवढा चर खणावयास किती तळहातांना फोड येतात हे ज्याने खणला त्यालाच ठाऊक. आता डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या विहिरीवर सेकंदाला ५ लिटर पाणी उपसणारा पंप बसविला आहे असे समजा. तो पंप १८,००० लिटर पाणी बरोबर एका तासात बाहेर काढतो. पावसाळ्यात तो चर पाच-सात वेळा भरला, आणि त्यातले सर्वच्या सर्व पाणी जिरून विहिरीलाच पोहोचले, असे अतिशय उदारपणे गृहीत धरले, तरी गावाच्या घामाचे हे वर्षभराचे उत्पन्न कळ दाबल्यापासून पाच-सात तासांत खलास होते.

हाच हिशेब पिकाच्या बाजूने पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात एका हेक्टरावर वर्षभरात ४० लाख लिटर पाणी पडते. पाट भरून वाढविलेल्या उसाला एका हेक्टरास २ कोटी लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागते. म्हणजे अशा गावात एक हेक्टर ऊस उभा राहतो तेव्हा तो पाच हेक्टरांवर पडलेला पाऊस थेंबही न सांडता पितो. आणि पडलेल्या पावसाचा पुष्कळ भाग उन्हाने उडून जात असल्यामुळे व थोडाच भूगर्भात उतरत असल्यामुळे, वस्तुतः त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्राचा वाटा तो एकटा घेतो. बाजरी आणि ज्वारी त्याच आभाळाखाली, जे पडेल त्यावर, पिढ्यान्‌पिढ्या निभावून नेत आली आहेत.

काही वर्षांपूर्वी माणदेशातील एका गावी अशाच एका श्रमदानाच्या सकाळी मी गेलो होतो. घमेले घेऊन उभ्या असलेल्या एका प्रौढ बाईने, मातीचा एक भार टाकून दुसऱ्याची वाट पाहात असताना, मला सहज विचारले, “दादा, ही चारी भरली म्हंजी पानी कुनाच्या हिरीत जाईल वो?” तिला स्वतःला जमीन नव्हती. प्रश्नात तक्रार नव्हती, उपरोधही नव्हता. मी शहरातून आलेला, चार बुके वाचलेला, तेव्हा मला ते ठाऊक असेल अशी तिची भाबडी समजूत होती. मला उत्तर ठाऊक होते आणि ते देववले नाही. नाल्याच्या काठाने ज्या चार-दोन विहिरी दिसत होत्या त्यांच्यातच ते पाणी जाणार होते, आणि त्या विहिरींचे मालक त्या सकाळी माळावर हजर होते असेही नाही.

या प्रश्नाला आपल्या इतिहासात एक जुने नाव आहे, आणि ते उच्चारताना संकोच वाटला तरी उच्चारले पाहिजे : वेठ. पूर्वी सरकारी अंमलदार गावात आला की वतनाच्या नावाखाली, रोख मोबदल्यावाचून, गावच्या काही ठरावीक वाड्यांतील माणसांनाच ओझ्यासाठी, निरोपासाठी, झाडलोटीसाठी बोलावले जाई. ते श्रम त्यांचे आणि सोय इतरांची. कनिष्ठ गाववतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या सुमारास. ज्या घरांत वेठीची स्मृती दोन पिढ्यांपूर्वीची आहे त्या घरांतील माणसाला ‘दान’ हा शब्द ऐकताच थोडी शंका आली, तर तो त्याच्या देशभक्तीचा दोष मानू नये. दान देणाऱ्याला न देण्याची मुभा असते आणि दानाचे फळ कोणाकडे जाते ते त्याला माहीत असते. या दोन अटी सुटल्या की राहते ती वेठच, मग तिच्यावर कितीही गुलाल उधळा.

वास्तविक ही अडचण आपल्या पूर्वजांना चांगली अवगत होती. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फडपद्धती पाहावी. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड अशी ही रचना. एका फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि कोणत्या फडात बारमाही पीक व कोणत्या फडात हंगामी हे दरसालच्या क्रमाने ठरावयाचे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे पाण्याचा लाभ आणि पाण्याची टंचाई दोन्ही सर्वांच्या वाट्याला येत. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याकडे नसून पाटकऱ्याकडे असे, पिकावर नजर ठेवावयास जागल्या आणि देखरेखीस हवालदार असे. पाटातला गाळ काढावयास सर्वांनी जावयाचे. आणि तेथे कोणालाही व्याख्यान देऊन बोलवावे लागत नसे, कारण पाटाच्या शेवटी आपला वाटा आहे हे प्रत्येकास ठाऊक होते. आधी वाटा, मग कुदळ, हा त्या व्यवस्थेचा क्रम होता.

तो क्रम आपण विसरलो याला एक कायदेशीर कारणही आहे. ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी, ही समजूत १८८२ च्या ईझमेंट कायद्याने आपल्याकडे पक्की केली. भूगर्भातले पाणी बांध ओळखत नाही, शिवेवर थबकत नाही. पण दप्तरात मात्र ते सात-बाऱ्याच्या उताऱ्यामागोमाग चालते. मोटेच्या काळात या नियमाचा फारसा उपद्रव नव्हता, कारण बैलजोडी दमत असे. विजेचा पंप आणि बोअरचे यंत्र आल्यावर दमण्याचा तो नैसर्गिक निर्बंध उठला, आणि ज्याच्याकडे खोल जाण्याचे भांडवल त्याच्याकडे गावचे पाणी अशी स्थिती झाली.

१९७२ च्या दुष्काळाने हे सारे उघडे केले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून, रस्ते घालून, ताली बांधून त्यांनी दिवस काढले. त्या दुष्काळातून दोन गोष्टी जन्मास आल्या. एक, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढलेली रोजगार हमी योजना, जिचा कायदा १९७७ साली झाला आणि जिच्यासाठी शहरांतील नोकरदारांच्या पगारातून व्यवसायकर घेण्यात आला; कष्ट मागणाऱ्याला काम व दाम देणे ही सरकारची कृपा नसून जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या कायद्याने प्रस्थापित केले. दुसरी गोष्ट पुरंदर तालुक्यातील नायगावच्या माळावर घडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

पुण्याचे एक उद्योजक अभियंता विलासराव साळुंखे त्या दुष्काळात खेड्यांतून हिंडले आणि त्यांनी नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन कराराने घेतली. तिथे ताली घातल्या, पाझर तलाव बांधला, विहीर काढली, पाणी वर चढविले, आणि जी जमीन कुसळांखेरीज काही देत नव्हती तिच्यात धान्य उभे केले. १९७४ साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठानची स्थापना केली. एवढ्यावर ते थांबते तर महाराष्ट्रातील अनेक आदर्श शेतांत आणखी एकाची भर पडली असती. परंतु पाणी निर्माण झाल्यावर ते कोणाचे हा प्रश्न त्यांनी टाळला नाही, आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे पण रोखठोक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस घ्यावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरावयाचा, आणि वाटपाचा कारभारही त्यांनीच पाहावयाचा.

या नियमांतील भूमिहीनाचा वाटा पुष्कळांना कविकल्पना वाटला. ज्याला शेत नाही तो पाणी घेऊन काय करणार? उत्तर साधे आहे : तो दुसऱ्याचे शेत वाट्याने करील आणि आपल्या पाण्याच्या बळावर पिकात बरोबरीचा हिस्सा मागेल, हातात केवळ कष्ट असणाऱ्या माणसाच्या हातात पाणी आले की त्याची बोली बदलते. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतलीच वाळू विकून व स्वतः राबून बळीराजा स्मृती धरण बांधले, तेव्हा तेथेही भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना समान पाणी हेच सूत्र पुढे ठेवण्यात आले. श्रमांना उद्देश मिळाला तो या सूत्रामुळे.

नगर जिल्ह्यातील दोन गावांची कीर्ती सर्वश्रुत असल्यामुळे तिचा विस्तार करीत नाही. राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी श्रमदानाबरोबरच कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी आणली. हिवरे बाजार येथे १९९० च्या सुमारास सरपंच झालेल्या पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर चर खणले, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास व ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांस मनाई केली. लोक हिवरे बाजारला जातात ते चर आणि हिरवे डोंगर पाहावयास. पाहण्याजोगी खरी वस्तू मात्र भिंतीवर लिहिलेली असते : दरसाल पर्जन्यमापकाने मोजलेला पाऊस, त्यावरून काढलेला पाण्याचा ताळेबंद, आणि तो ग्रामसभेपुढे ठेवून यंदा कोणते पीक घ्यावयाचे व कोणते सोडावयाचे याचा निर्णय. पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी, पिकाचे मागून. पाऊस उणा झाला तर पीकही उणे. ज्या गावाने पंपाची कळ दाबणारे बोट आवरले, त्याच गावाच्या कुदळीला यश आले.

तेव्हा श्रमदानासंबंधी निर्णय असा द्यावासा वाटतो. पाण्याचा लाभ ज्याला होणार त्याने श्रमदान करावे, आणि लाभ जितका मोठा तितके त्याचे दानही मोठे असावे. ज्याला लाभ होणार नाही त्याला त्याच चरावर रोजगार हमीची हजेरी लावून मजुरी द्यावी, किंवा मग त्याला पाण्यात वाटा द्यावा. मजुरीही नाही आणि वाटाही नाही, तरीही त्याने गावप्रेमाने राबावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शहरातून जाणाऱ्या स्वयंसेवकाची गोष्ट निराळी. त्याला पाणी नको असते, तो एका दिवसाचे श्रम खुशीने देतो. पण म्हणूनच त्याच्यावर एक अधिक कर्तव्य येते. तो गावातील कोणाचाही मिंधा नसतो, सोयरा नसतो, त्याच्यावर कोणाची उचल नसते. त्यामुळे गावातील भूमिहीन बाईला जो प्रश्न फक्त परक्या पाहुण्याला विचारता येतो, तो प्रश्न त्याला थेट चावडीवर विचारता येतो.

वाचकांपैकी जे येत्या उन्हाळ्यात अशा श्रमदानास जाणार असतील त्यांना एवढीच विनंती आहे. टिकाव उचलण्यापूर्वी ग्रामपंचायतीत जावे, ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही मागून घ्यावी, आणि अडविलेल्या पाण्याच्या वाटपाचा ठराव तीत झालेला आहे काय ते पाहावे. ठराव असेल तर निःशंकपणे माळावर जावे. नसेल, तर त्या दिवशीचे पहिले काम तो ठराव ग्रामसभेपुढे मांडावयास लावणे हे होय. चर दुपारनंतरही खणता येतो.