जखमेवर मीठ नव्हे, साखर!

जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार आपण येताजाता वापरतो. पण जखमेवर साखर चोळली तर? हसू नका. असाच एक प्रश्न आमच्या घरात ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री उभा राहिला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत माझ्या पदवीचा तोरा पार उतरला.

१९९४ सालची दिवाळी. तेव्हा आमचे बिऱ्हाड घाटकोपरला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. खाली अंगणात पोरांची झुंबड उडाली होती. भुईनळा पेटेना म्हणून आमचा धाकटा वाकून पाहू लागला, आणि नेमका त्याच क्षणी नळ्याने पेट घेतला. पोराचा उजवा तळवा आणि मनगट भाजले.

सासूबाई देवापुढून उठल्या त्या मधाची बाटली घेऊनच. "सूनबाई, आधी मध लाव." मी विज्ञानाची पदवीधर! "आई, मुंग्या लागतील हो त्याला," असे म्हणून मी पोराच्या हातावर टूथपेस्ट थापली आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावले.

पेस्ट धुऊन काढताना पोराने जो टाहो फोडला, तो अजून माझ्या कानांत आहे. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली हात धरायचा सोडून हे काय लावलेत?" स्वतःची बाजू सावरायला मी म्हटले, "सासूबाई तर मध लावायला निघाल्या होत्या!" डॉक्टर हसले नाहीत. "आजींचे औषध चुकले नव्हते, फक्त पाण्याआधी घाई झाली आणि बाटली चुकली," एवढेच ते बोलले आणि पट्टी बांधता बांधता त्यांनी मला जे सांगितले, त्याने मी खजील झाले.

जखमेवर मध आणि तूप वापरण्याचा उपाय सुश्रुताने सांगितलेला आहे. पण डॉक्टर सुश्रुतावर थांबले नाहीत. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मधाची पट्टी बांधली, दुसऱ्याला रुग्णालयांत सर्रास वापरले जाणारे चांदीयुक्त औषध लावले. मधाच्या गटातल्या दूषित जखमांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात अवघ्या ७ टक्के. हा निष्कर्ष १९९१ साली इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नामांकित नियतकालिकात छापून आला.

हे घडते कसे? गृहिणींना ते समजावून सांगायला नकोच. साखरांबा वर्षभर का टिकतो? साखर भोवतालचे पाणी ओढून घेते आणि पाण्यावाचून जंतूंची वाढ खुंटते. मध म्हणजे जवळजवळ चार पंचमांश साखरच. जखमेवरही तो तेच करतो. शिवाय तो आंबट असतो, आणि जंतूंना आंबटपणा मानवत नाही. मधमाशीने त्यात मिसळलेले एक विकर जखमेतल्या ओलाव्याने जागे होते आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. औषधाच्या दुकानात बाटलीत मिळते, तेच हे!

नुसत्या साखरेनेही हे काम होते. अमेरिकेतल्या मिसिसिपीचे डॉ. नटसन यांनी साखर आणि आयोडीनचे औषध एकत्र कालवून ६०५ रुग्णांवर वापरले आणि १९८१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

मग आमच्या बाटलीचे काय चुकले? घरातल्या मधात भेसळ असू शकते, आणि शुद्ध मधातही काही जंतूंचे बीजाणू सुप्त असतात. तापवून ते मारावेत, तर मधाचे विकरच नाहीसे होते. म्हणून जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अशा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा 'आयसोमेड' प्रकल्प १९७४ पासून आमच्या घाटकोपरहून फार दूर नसलेल्या तुर्भ्यात, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात उभा आहे.

पुढे या विषयाचा मला नादच लागला. साखरेचे रेणू साखळीत ओवले की पिष्ट आणि काष्ठतंतू बनतात. समुद्रशेवाळातून निघणारे अगर हेही याच कुळातले. २००७ साली ट्रॉम्बेच्याच वार्ष्णेय यांनी अगर आणि कॅराजीनन वापरून किरणांनी बनवलेल्या पाणीदार पट्टीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरल्याचे लिहिले. २००३ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान आणि ही साल यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही सारख्याच गुणाच्या ठरल्या आणि पान अधिक स्वस्त पडले. इथे काम गोडीचे नाही, ओलाव्याचे आहे. जखम कोरडी पडत नाही आणि पट्टी सोलताना कातडी ओरबाडली जात नाही.

पण वाचकहो, लगेच डबा उघडू नका! २०१५ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आढाव्याने वरवरच्या भाजण्यावर मधाला चांगला कौल दिला, पण मधुमेहाच्या जखमांसारख्या इतर बाबतींत ठाम शब्द दिला नाही. पान, साल आणि मध, तिन्ही रुग्णालयात निर्जंतुक करून वापरायची. आपल्या हाती आहे ते थंड, वाहते पाणी आणि डॉक्टरांकडे वेळेवर जाणे.

त्या रात्री घरी आल्यावर सासूबाईंनी एवढेच विचारले, "हात बरा होईल ना गं?" मी त्यांच्या पायाशी बसले आणि सोलापूरची सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं, डॉक्टरांकडे नेलंस ते." मुंग्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

पोराचा हात बरा झाला, मनगटावर फिकट डाग तेवढा राहिला. सासूबाई आता नाहीत. दर दिवाळीला तो स्वतःच्या मुलांसाठी अंगणात आधी पाण्याची बादली भरून ठेवतो आणि मगच भुईनळा पेटवतो. मधाची बाटली देवापाशी असते, पंचामृतासाठी.