विदर्भकन्येचे एक चित्र

गतकाळाचे चित्र काढणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच असते. तो काळ त्याने पाहिलेला नसतो. युरोपातील अल्मा-टाडेमा (१८३६–१९१२) हा चित्रकार प्राचीन रोमन जीवनाची चित्रे काढीत असे. १८६३ साली त्याने पाँपेईचे भग्नावशेष पाहिले, त्यांची मापे घेतली. म्हणून त्याच्या चित्रांतला संगमरवर खरा वाटतो.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या हाती तैलरंगाची तीच पाश्चात्त्य रीत होती आणि मनात महाभारतातील नलोपाख्यान होते. त्यातून १८९९ साली ‘हंस-दमयंती’ हे चित्र निर्माण झाले. मूळ चित्र तिरुवनंतपुरमला आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला होता. त्यामुळे अशी चित्रे आपल्या माजघरापर्यंत पोचली.

ही दमयंती तर आपलीच. विदर्भराज भीमाची ती कन्या. वर्धेकाठचे आपले कौंडिण्यपूर हेच जुने कुंडिनपूर, असे परंपरा मानते.

हे चित्र पाहावे कसे? आधी लाल साडी पाहावी, मग शुभ्र हंस. आपली नजर या दोहोंमध्येच फिरत राहते. हंसाचे बोलणे रंगांत दाखविता येत नाही. म्हणून चित्रकाराने दमयंतीचे ऐकणे दाखविले. तिचे सारे अंग जणू कान झाले आहे. नल चित्रात कोठेच नाही, तरी तिच्या मुद्रेवर तो आहे.

पण दमयंती खरोखर अशी दिसत असेल काय? महाभारतातील हंस सोन्याने नटलेले. येथला हंस पांढरा. साडीही एकोणिसाव्या शतकातली. प्राचीन वेष पाहावयाचा तर अजिंठ्यास जावे. तेथील सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करविले. त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. अजिंठ्याच्या भिंतींवरील राजस्त्रियांना कमरेचे तलम वस्त्र आहे, अलंकार आहेत. खांद्यावरून घेतलेल्या पदराची आपली साडी नाही.

मग रविवर्म्यांचे चित्र खोटे काय? वेषाचा पुरावा म्हणून ते लंगडे आहे. प्रथमानुरागाचे चित्र म्हणून खरे आहे. मात्र छापील प्रतींनी आपल्या मनातील सीता, द्रौपदी, दमयंती या सर्वांना एकच साडी नेसविली आणि तोच आपला प्राचीन काळ, असे आपण धरून चाललो. ही किंमत लहान नव्हे. म्हणून घरातील चित्र भिंतीवर राहू द्यावे, आणि मुलांना एकदा अजिंठाही दाखवावा. दोन्ही पाहिलेला डोळा फसत नाही.