नॅनोचे टायर घेताना

घणसोली गावातल्या अरुंद गल्ल्यांत छोटी गाडी म्हणजे मोठीच सोय. पण टाटा नॅनोचं उत्पादन २०१८ साली थांबलं. आता टायर झिजले, की मापाचे टायर दुकानात तयार असतीलच असं नाही. मग "हा बसेल हो ताई," म्हणत भलताच टायर पुढे केला जातो.

तेव्हा मैत्रिणींनो, माप आपल्यालाच ठाऊक हवं. पुढचे टायर १३५/७० आर १२, मागचे १५५/६५ आर १२. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. नॅनोचं इंजिन मागे, भारही मागे. म्हणून मागचे टायर रुंद. पुढच्या मापाचा टायर मागे तसाच ठेवून दिवस ढकलू नका. भर पावसात ठाणे-बेलापूर रस्त्यावर, मागे मुलं बसलेली असताना गाडी घसरली तर?

त्यापेक्षा माप सांगून मागणी नोंदवा आणि चार दिवस थांबा. टायर आला, की त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. पडून राहिलेलं रबर कडक होतं, नक्षी कितीही नवी दिसो. तांदूळसुद्धा आपण हातात घेऊन, पारखून घेतो. टायर तर मुलांच्या जिवाशी निगडित!