किरणोत्सारी धुळीचे घड्याळ

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात पुण्याचाही समावेश होता. त्यानंतरचे काही दिवस घराघरांतून, व्याख्यानानंतरच्या गप्पांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघत असे : उद्या खरोखरच कोठे अणुस्फोट झाला, तर घरात किती काळ दार लावून बसावयाचे? कोणी वर्षभर म्हणे, कोणी पिढ्यानपिढ्या. काही ज्येष्ठ तर हात जोडून म्हणत, मग बसून तरी काय उपयोग? या प्रश्नाला विज्ञानाकडे बरेच नेमके उत्तर आहे, आणि ते निराशेचे नाही.

जमिनीलगत झालेल्या अणुस्फोटात माती, दगड आणि राख वर उचलली जाते. अणूंच्या विखंडनातून निर्माण झालेली शेकडो प्रकारची अस्थिर द्रव्ये त्या धुळीला चिकटतात, आणि ती धूळ वाऱ्याच्या दिशेने खाली उतरू लागते. तिच्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण भिंती भेदून आत येतात, म्हणून बाहेरच्या धुळीचे भय घरातही असते. परंतु या शेकडो द्रव्यांपैकी प्रत्येकाचे आयुष्य निराळे. काही सेकंदांत संपतात, काही तासांत, काही दिवसांत, तर काही थोडी पिढ्यानपिढ्या उरतात. जी अत्यंत तीव्रतेने किरण सोडतात तीच लवकर विझतात. साहजिकच आरंभीचा प्रखर किरणोत्सर्ग झपाट्याने उतरतो आणि पुढे त्याची उतरण मंदावत जाते.

या उतरणीचा एक सोपा ठोकताळा आहे. काळ सातपट झाला की किरणांची तीव्रता दहापट कमी होते. स्फोटानंतर एका तासाने ती १००० एकके धरली, तर सात तासांनी १००, सात गुणिले सात म्हणजे एकोणपन्नास तासांनी १०, आणि साधारण दोन आठवड्यांनी १ एकक उरते. हा हिशेब सुमारे सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी लागू पडतो. त्यातला खरा अर्थ असा, की पहिल्या तासानंतर उघड्यावर राहणाऱ्या माणसाला पुढे जन्मभरात जेवढी मात्रा मिळेल, तिच्यापैकी निम्म्याहून अधिक पहिल्या दोन दिवसांतच मिळते. म्हणून ‘किती दिवस’ यापेक्षा ‘पहिले दोन दिवस कोठे’ हा प्रश्न महत्त्वाचा.

कोठे, याचे उत्तर वस्तुमानात आहे. सुमारे सहा सेंटिमीटर काँक्रीट किंवा नऊ सेंटिमीटर घट्ट दाबलेली माती अशा धुळीचे गॅमा किरण निम्म्यावर आणते. आपल्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती आठवाव्यात. तेवढी भिंत समोरून येणारे किरण शंभराव्या भागापर्यंत खाली आणू शकते. मात्र वाड्याचे कौलारू छप्पर दुबळे. धूळ त्यावरही साचणार. आजच्या उंच इमारतीत मधल्या मजल्यावरची, खिडकीपासून दूरची आतली खोली त्यामानाने बरी. पुण्यातील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात अणु, जैविक व रासायनिक संरक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. हे ज्ञान आपल्या शहरात शिकविले जाते, पण आपल्या घरांपर्यंत मात्र आलेले नाही.

त्या पहिल्या दोन दिवसांचे मोल काय, हे प्रशांत महासागरातील एका बेटाने जगाला दाखविले. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. वाऱ्याने पांढरी भुकटी रोंगेलाप बेटावर आणून टाकली. तेथील रहिवाशांना हलविण्यात आले ते सुमारे दोन दिवसांनी. तोवर घड्याळातील सर्वांत वाईट तास त्यांच्या अंगावरून गेले होते. त्याच भुकटीत सापडलेल्या एका जपानी मच्छीमार नौकेवरील तेवीस जण आजारी पडले आणि तिचा रेडिओचालक त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला.

२ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. पुढे भारत सरकारने या विषयावर एक ग्रंथ सिद्ध करविला. ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ या नावाने तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कार्याची धुरा वाहिली डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी. उदयपूरच्या जैन कुटुंबात १९०६ साली जन्मलेले हे पदार्थवैज्ञानिक तेव्हा संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते. आपल्यापैकी अनेकांना ते कोठारी शिक्षण आयोगामुळे, किंवा स्याद्वाद आणि नील्स बोर यांचे पूरकतेचे तत्त्व यांवरील त्यांच्या लेखनामुळे ठाऊक असतील. संरक्षण खात्यात बसून अण्वस्त्रांच्या परिणामांचा निर्विकार हिशेब मांडणे, हे माझ्या मते त्यांच्या अहिंसेच्या श्रद्धेशी विसंगत नव्हते. कदाचित तिचेच ते एक रूप होते.

रोंगेलापची कथा मात्र तेथे संपली नाही. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत नेण्यात आले, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच ते सोडले. बाहेरचा गॅमा किरणोत्सर्ग उतरला होता, पण नारळात आणि मातीत सिझियम उरले होते. येथे धोक्याचे रूप पालटते : पहिल्या दिवसांत तो अंगणातून येतो, नंतर ताटातून.

ताटातला पहिला पाहुणा म्हणजे आयोडीन-१३१. गवतावर पडते, गाय खाते, दुधात उतरते आणि बालकांच्या थायरॉइड ग्रंथीत साचते. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियात मुलांमध्ये या ग्रंथीचा कर्करोग वाढला, त्याचे मुख्य कारण असे दूधच होते. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्याकडे पाणी गाळून, उकळून प्रासुक करून घेतले जाते. गाळण्याने धुळीचे कण काही अंशी अडतील, पण विरघळलेले आयोडीन अडणार नाही. आणि उकळण्याने किरणोत्सर्ग तसूभरही घटत नाही. अणूला अग्नी ठाऊक नाही, त्याला केवळ काळ ठाऊक आहे. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ऐंशी दिवसांत ते हजाराव्या भागाहूनही कमी उरते. म्हणून अशा दुधाची भुकटी किंवा चीज करून काही महिने ठेवून देणे, हा खरा उपाय ठरतो.

सिझियम-१३७ इतके दयाळू नाही. ते निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. अणुभट्टीतून निसटलेल्या द्रव्यांत त्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते, त्यामुळे सातपट-दहापटीचा ठोकताळा तेथे चालत नाही. आणि हे सिझियम चेर्नोबिलहून थेट मुंबईच्या न्यायालयात आले. युरोपीय समुदायाकडून मदत म्हणून मिळालेले आयरिश लोणी १९८७ मध्ये मुंबईत वितरणासाठी आले, तेव्हा काही नागरिकांनी त्यातील किरणोत्सर्गाबद्दल उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे याचिका फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने शास्त्रज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेल्या मर्यादेतील दुग्धजन्य पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असा समितीचा निष्कर्ष होता, आणि १९८८ मध्ये न्यायालयाने तो स्वीकारला. याचिकाकर्त्यांना त्या वेळी काहींनी हसण्यावारी नेले. मला ते अन्यायाचे वाटते. मर्यादा कोणी, कशाच्या आधारे ठरविली, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्कच होता.

एक गोष्ट मात्र त्या लोण्याच्या बाजूने होती. सिझियम दुधाच्या पाणेरी भागात राहते. स्निग्धांशात ते फारच थोडे उतरते. आणि १९८६ च्या त्या वसंतात युरोपातील कुरणांवर पडलेल्या सिझियमपैकी निम्मे २०१६ च्या सुमारास संपले; उरलेल्यातील निम्मे संपण्यास २०४६ उजाडेल.