कासेगावची द्राक्षं, ॲमस्टरडॅमचं कोर्ट

दिवाळीच्या तोंडावर पंढरपूर तालुक्यात, कासेगावच्या पट्ट्यात, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकत आलेली असते. इथून चारेक महिन्यांनी माल तयार होतो. बराचसा बेदाण्याच्या शेडवर जातो, काही देशातल्या बाजारांत. वेचक माल मात्र पॅकहाउसमधून थंड कंटेनरमध्ये चढतो आणि न्हावाशेवा बंदरातून रॉटरडॅमचा नाहीतर दुबईचा रस्ता धरतो. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबाचंही तेच. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फळ परदेशी कसं पाठवायचं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि निर्यातदाराला आता चांगलं कळतं. तिकडून पैसे आले नाहीत तर दाद कुठं मागायची, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. २०२५ मध्ये त्याकडे नव्यानं पाहायला एक कारण घडलं.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिथं जोडले गेले. या बेंचच्या मागणीसाठी वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं आंदोलनं केली होती. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ मधल्या ५१(३) या कलमाखाली ही व्यवस्था झाली. याच कलमाखाली १९८१ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले होते, त्याला आव्हान मिळालं होतं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला होता. मराठवाड्याला जे तेव्हा मिळालं, ते सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला यायला पुढं चव्वेचाळीस वर्षं लागली. तोवर पंढरपूरच्या पक्षकाराला अपिलासाठी साडेतीनशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागे. आता मिरजमार्गे कोल्हापूर. वकिलाची फी, मुक्काम, बुडालेले दिवस धरले, तर अपील करायचं की हक्क सोडून द्यायचा, हे बऱ्याचदा या अंतरावरच ठरत आलं आहे.

कोर्टाची तारीख पंढरपूरला नवी नाही. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातले वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे कायदा १९७३ चा. त्यावरून बडवे, उत्पात आणि सरकार यांच्यात चाललेली लढाई सर्वोच्च न्यायालयात संपली ती १५ जानेवारी २०१४ रोजी. म्हणजे चार दशकं. तो वाद इतका चालला तरी मंदिर जागेवर होतं, वारी चालू होती. द्राक्षाच्या पैशाचा दावा तेवढा थांबू शकत नाही. पीककर्जाचं व्याज थांबत नाही, औषधाच्या दुकानाची उधारी थांबत नाही, आणि पुढच्या एप्रिलची खरड छाटणी तर वेळेवरच करावी लागते.

व्यापारातले वाद वेगानं मिटावेत म्हणून जगभर गेल्या वीसेक वर्षांत खास न्यायालयं उभी राहिली. दुबईच्या वित्तीय केंद्रात इंग्रजीतून चालणारी न्यायालयं आली. जानेवारी २०१५ मध्ये सिंगापूरनं आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालय उघडलं. तिथं परदेशी न्यायाधीशही बसतात आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती अर्जन कुमार सिक्री यांचीही तिथं नेमणूक झाली. १ जानेवारी २०१९ पासून ॲमस्टरडॅममध्ये नेदरलँड्स कमर्शियल कोर्ट इंग्रजीतून काम करू लागलं. आपलं द्राक्ष ज्या देशात उतरतं त्याच देशातलं हे कोर्ट, म्हणून ते जास्त जवळचं वाटावं. पण दोन्ही पक्षांनी लेखी मान्य केल्याशिवाय तिथं दावा चालत नाही, आणि सुरू झालं तेव्हा मूळ दाव्याची कोर्ट फीच १५ हजार युरो होती. एका-दोन कंटेनरच्या पैशासाठी तिथं कोण जाईल? ही कोर्टं मोठ्या कंपन्यांसाठी आहेत. त्यांच्या वार्षिक कामगिरीत किती मोठ्या रकमेचे दावे आले ते अभिमानानं सांगितलं जातं. माझ्या मते कोर्टाची प्रगती उलट्या बाजूनं मोजायला हवी. किती लहान रकमेचा दावा तिथं परवडतो?

त्या मापानं पाहिलं तर आपल्याकडचा एक बदल मला या सगळ्यांहून मोठा वाटतो. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात सुरुवातीला किमान एक कोटीचा वाद लागे. २०१८ मध्ये ही मर्यादा तीन लाखांवर आली आणि जिल्हा न्यायाधीशांच्या खालच्या पातळीवरही ही न्यायालयं नेमायची सोय झाली. मालाच्या विक्रीचे करार आणि आयात-निर्यात दोन्ही या कायद्याच्या व्याख्येत बसतात. प्रतिवादीनं १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो; चमणकर इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यात सवलत नाही असं स्पष्ट केलं. पुढच्या-पुढच्या तारखा घेऊन समोरच्याला दमवण्याची जुनी रीत इथं निदान कैफियतीपुरती बंद झाली. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते, हे ऑगस्ट २०२२ च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालानं पक्कं केलं. ही मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होते आणि तिथली लेखी तडजोड लवादाच्या निवाड्याइतकी बंधनकारक असते. दलाल आणि बागायतदार यांचे संबंध पुढच्या हंगामातही टिकायचे असतात, म्हणून आपल्या भागाला ही वाट फार उपयोगाची आहे.

परदेशी खरेदीदाराच्या बाबतीत खरी अडचण निकालानंतर येते, दरखास्तीच्या म्हणजे अंमलबजावणीच्या वेळी. सोलापूरच्या न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन डच व्यापाऱ्याच्या बँक खात्याला थेट हात घालता येत नाही. तिथल्या कोर्टात नव्यानं उभं राहावं लागतं. उलट दिशेनं मात्र, निदान दुबईच्या बाबतीत, दार उघडं आहे. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारनं संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली मान्यता दिली. दुबईच्या न्यायालयानं एखाद्या पंढरपूरच्या निर्यातदाराविरुद्ध हुकूमनामा दिला, तर त्याची अंमलबजावणी इथल्या जिल्हा न्यायालयात मागता येते. तिकडून नोटीस आली तर ती बाजूला ठेवून चालणार नाही, हे दुबईला माल पाठवणाऱ्यांपर्यंत कुणीतरी पोचवायला हवं.

या अडचणीवर उपाय आहे आणि तो जुना आहे. न्यूयॉर्क येथे १९५८ साली झालेल्या करारानुसार लवादाचा निवाडा सदस्य देशांमध्ये अंमलात आणता येतो. भारत, नेदरलँड्स, ब्रिटन, अमिराती सगळे त्यात आहेत. खरेदीच्या करारात लवादाचं एक नीट लिहिलेलं कलम असलं, तर कोर्टाचा हुकूमनामा जिथं अडतो तिथं निवाडा पुढं जाऊ शकतो. २०१६ पासून मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रही आहे.

पण कलम लिहायला आधी करार हवा. युरोपात जाणारं बरंचसं द्राक्ष कन्साइनमेंटवर जातं. माल आधी जातो, भाव नंतर कळतो, आणि हिशोबाच्या पट्टीत गुणवत्तेच्या नावाखाली कपात आली तर ती तपासायची साधनं इथं नसतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास लांबला, आणि माल कुठं खराब झाला हा वाद आणखी अवघड झाला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश ०.०५ पीपीएमच्या मर्यादेहून अधिक निघाले म्हणून युरोपात महाराष्ट्राची द्राक्षं अडली, बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. तोटा कुणी सोसायचा हे तेव्हा कागदावर नव्हतं. आजही निर्यातदार आणि परदेशी कंपनी यांच्यात थोडाफार कागद असतो; बागायतदार आणि निर्यातदार यांच्यातला सौदा मात्र बांधावर, तोंडी, विश्वासावर होतो. माल काढून नेलेला व्यापारी गायब झाला, अशा तक्रारी द्राक्षपट्ट्यात दर हंगामाला होतात, आणि शेतकरी पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याच्या हातात वजनाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही नसतं. कोल्हापूरचं बेंच कितीही जवळ आलं तरी तिथं दाखवायला कागद लागेल.

दर, वाण, मण्याचा आकार, वजन कुठं धरायचं, कपात कोण आणि कोणत्या तपासणीवर ठरवणार, पैसे किती दिवसांत, वाद कुठं सोडवायचा. एवढं मराठीत एका पानावर मावतं. बाजार समिती, द्राक्ष बागायतदार संघ आणि सोलापूरचं विधी सेवा प्राधिकरण यांनी मिळून असा नमुना छापून गावोगाव द्यावा, ही मागणी आत्ताच करायला हवी. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि रेसिड्यूची तपासणी यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. त्याच नोंदणीच्या कागदांसोबत हा नमुना जाऊ शकतो. व्यापारी बाग पाहायला येऊ लागतात ते डिसेंबर-जानेवारीत, मण्यात पाणी भरू लागलं की.