अजून एक वर्ष : कोनच्या परसबागेत शिकलेलं

बोलावलंत म्हणून आलो, पण व्याख्यान द्यावं इतकं आमच्याकडे काही नाही. आम्ही दोघं, नवरा-बायको, कोनला घरामागे भाजीपाला लावतो, एवढंच. आयोजकांनी विषय दिला ‘परसबाग आणि आध्यात्मिक जीवन’. विषय मोठा, बाग लहान. बारा फूट बाय अठरा फूट. तेव्हा बागेपासूनच सुरुवात करतो, पुढचं जमेल तसं.

ज्यांनी कोन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की खाडीच्या पलीकडे लगेच कोन. हा सगळा भाताचा मुलूख. आता बऱ्याच खाचरांवर भराव पडलाय, त्यावर गोदामं आणि इमारती उभ्या राहिल्यात. आमचं घरही अशाच भरावावर आहे. पण हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं. वरून माती लाल, छान दिसत होती.

पहिल्याच हिवाळ्यात आम्ही मेथी पेरली. चौथ्या दिवशी सगळा वाफा हिरवागार. आमचा आनंद विचारू नका. मंडळीतल्या दोन-तीन घरांना ‘पुढच्या रविवारी मेथी आणतो’ असं सांगूनही झालं. दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली, दुपारच्या उन्हात माना टाकू लागली. पाणी वाढवलं तरी तेच. शेवटी शेजारच्या आजी आल्या. त्यांचा जन्म भातशेतीत गेलेला. त्यांनी रोपाकडे पाहिलंच नाही, खुरपं मागितलं आणि एका जागी खणलं. वीतभर माती, आणि त्याखाली विटांचे तुकडे, फरशा, सिमेंटचे गठ्ठे. डेब्रिज! आजी एवढंच म्हणाल्या की हिला खाली जायला जागाच नाही.

पेरणाऱ्याचा दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात आहे. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी. आमची समजूत अशी की खडकाळ म्हणजे दगडधोंड्यांची, उघडीबोडकी जमीन. ती कुणालाही दिसेल. पण तो दृष्टांत नीट वाचा. पॅलेस्टाईनच्या डोंगराळ भागात चुनखडीचा थर असतो आणि त्यावर मातीचा पातळ पदर. वरून ती जमीन चांगल्या जमिनीसारखीच दिसते. उलट, माती उथळ म्हणून ती लवकर तापते आणि बी तिथे इतर ठिकाणांपेक्षा आधी उगवतं. आमच्या मेथीचं हेच झालं होतं. लवकर उगवणं हीच धोक्याची खूण होती आणि आम्ही त्यालाच आशीर्वाद समजून बसलो.

हे कळल्यावर आम्ही काय केलं? दोन महिने घमेल्यांनी डेब्रिज उपसलं. साठ-सत्तर घमेली तरी निघाली असतील. कंबर धरली. त्या दोन महिन्यांत बागेत दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. येणारे-जाणारे विचारायचे, ‘काय लावलंय?’ आम्ही म्हणायचो, ‘खड्डा.’ प्रार्थनेच्या जीवनातही असा एक काळ येतो. त्यात फक्त उपसायचं असतं, साक्ष द्यायला काही हाती नसतं. सभांमधून ह्या काळाबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आता दुसरी चूक. ही जास्त महागात पडली.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. तिकडे पाऊस कमी, पाणी मोलाचं. आमच्या घरी वाफा म्हणजे चारी बाजूंनी बांध आणि मधे खोलगट जागा, म्हणजे पाणी थेंबभरही बाहेर जाऊ नये. वडिलांनी असेच वाफे करायला शिकवलं होतं. आम्ही कोनला अगदी तसेच केले, मोठ्या अभिमानाने. जूनमध्ये वांगी-मिरचीची रोपं लावली आणि जुलैत इथला पाऊस आला. नगरला वर्षभरात पडत नाही तेवढा इथे पंधरवड्यात कोसळतो. वाफ्यांची तळी झाली, रोपं मुळाशी कुजली. कोकणपट्टीत पावसाळ्यात गादीवाफा करतात. जमिनीपेक्षा उंच, म्हणजे पाणी निथळून जातं. वडिलांचं शिकवणं चुकीचं नव्हतं. ते त्या जमिनीसाठी होतं.

इथे घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. सांगायची का नाही, यावर आमच्या दोघांत कालपर्यंत चर्चा चालली होती. आमचा थोरला मुलगा सहा वर्षांपूर्वी उपासनेला यायचा बंद झाला. आम्हाला ज्या शिस्तीत वाढवलं, त्याच शिस्तीत आम्ही त्याला वाढवलं होतं. पहाटे प्रार्थना, पाठांतर, प्रश्न विचारायचे नाहीत, काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. सगळीकडून बांध घातलेला. तो बंद झाल्यावर आम्ही बांध आणखी उंच केला. दर फोनवर एकच विषय. एका ईस्टरला जेवणाच्या ताटावर वाद झाला, तो उठून गेला आणि नंतर फोनही घेईना. कुजलेली वांगी उपटताना आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघालं, ‘आपण पोराला बुडवलं.’ दुसरा काही बोलला नाही. त्या दिवशी बागेत तेवढंच काम झालं.

‘पेराल तसं उगवेल’ असं आपण म्हणतो. पौलाच्या पत्रातही हा विचार आहे. पण बाग करणारा माणूस तुम्हाला सांगेल की ह्यातलं अर्धंच रोज दिसतं. आम्ही विकत आणून पेरलेला दुधी एका वर्षी उगवलाच नाही, आणि स्वयंपाकघरातलं ओलं जिथे टाकतो त्या ढिगातून लाल भोपळ्याचा वेल आपोआप वर आला, त्याने कुंपण झाकून टाकलं. त्याच मार्कच्या चौथ्या अध्यायात एक लहानसा दृष्टांत आहे. इतर शुभवर्तमानांत तो नाही, म्हणून कदाचित राहून जातो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी वाढतं. कसं ते त्याला कळत नाही. ह्या दृष्टांतात शेतकऱ्याचं झोपणं सांगितलंय, ते आम्हाला फार आवडतं. झोपणं हाही शेतीचा भाग आहे. आमची धाकटी लहान असताना वालाचं बी पेरून दर दोन दिवसांनी उकरून बघायची, मोड आला का म्हणून. आम्ही तिला हसायचो. थोरल्याच्या बाबतीत आम्ही चार वर्षं तेच करत होतो.

ह्याचा अर्थ हात बांधून बसा असा नाही. अंजिराच्या झाडाचा दृष्टांत घ्या, लूक तेरावा अध्याय. द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड. मालक तीन वर्षं येतो, फळ नाही. म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, यंदाचं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. ह्या दृष्टांताच्या आधी काय आहे ते पाहा. लोक येशूकडे येऊन पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात, आणि येशू शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांचा विषय काढतो. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का? म्हणजे प्रश्न ‘दोष कुणाचा’ हा आहे. आणि त्यावर गोष्ट येते ती दोष सोडून शेणखताची!

माळ्याचं बोलणं बारकाईने ऐकलं की आणखी एक गोष्ट कळते. ‘फळ आलं तर ठीक, नाहीतर मी तोडीन’ असं तो म्हणत नाही. मूळ ग्रीकमध्ये तो मालकाला म्हणतो, नाहीतर तुम्ही तोडा. कुऱ्हाड तो स्वतःच्या हातात घ्यायलाच तयार नाही. त्याच्या वाट्याला खणणं आणि खत. आम्ही मात्र एवढी वर्षं मुलासमोर कुऱ्हाड घेऊनच उभे होतो, आणि खताचं नाव नव्हतं.

पुढे त्या झाडाला अंजिरं आली का? येशूने सांगितलेलं नाही. गोष्ट तिथेच थांबते.

थोडं वसईबद्दल बोलतो, कारण बागेच्या बाबतीत आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात ख्रिस्ती माणसाला शिकायचं असेल तर तिकडेच जावं. वसईच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेल, फुलं, भाजीपाला पिकवून मुंबईला पुरवला. आपल्याकडच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरमध्ये ‘आगेरा’ असतो. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद मागतात. आमच्या शेजारच्या आजी दसऱ्याला दाराला भाताच्या लोंब्यांचं ‘नवं’ बांधतात. एकाच खाडीकाठची माणसं. पहिलं पीक आपलं नव्हे, हे दोन्हीकडे ठाऊक आहे.

वसईच्या वाडीचा जीव विहिरीत. समुद्रकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्याला अडवून धरतं. गोड्याचा उपसा फार झाला की खारं आत सरकतं, आणि एकदा आत शिरलेलं सहजासहजी परतत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत हिरवळ आणि पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’चं आंदोलन उभं राहिलं, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, तेच. शास्त्र आणि विहीर, एकाच माणसाच्या काळजीचे विषय. आमच्याकडेही बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, मेथी-कोथिंबीर लगेच करपते. तेव्हा आम्ही पाण्याची उधळपट्टी बंद करून भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घालायला शिकलो. मंडळीत जे सतत शिकवतात, भेटी देतात, समुपदेशन करतात, त्यांनी ही विहीर ध्यानात ठेवावी. नुसता उपसा चालू राहिला की आपल्या बोलण्यात कधी खारटपणा आला, ते आपल्याला कळत नाही. समोरच्याला चव लागते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही आम्हाला नेहमी आठवतं. त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर शारदा सदनाचा खर्च चालावा हा हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन तिथल्या निराधार मुली घेऊन आल्या, आणि त्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. जमीन घेतली संत्र्या-लिंबांचा हिशेब करून, आणि तिथे वाढल्या त्या मुली. हिशेब चुकला असं कोण म्हणेल? आमच्यासारखे बागेचा नकाशा काढून बसतात ना, अमुक ओळीत अमुकच, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता मुलाचं. तुमच्या चेहऱ्यांवर तोच प्रश्न दिसतोय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की त्याच्याशी उपासनेचा विषय काढायचा नाही. प्रार्थना करायची, रोज, पण त्याला सांगायचं नाही की तुझ्यासाठी करतोय. आधी माफी मागितली. फोन घेत नव्हता म्हणून चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या दारात कारली, शिराळी ठेवलेल्या पिशवीत टाकली. कारली त्याला लहानपणापासून आवडतात, उलटंच आहे पोर. चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. पिशवी रिकामी होऊन, घडी घालून, धाकटीच्या हाती परत आली. आम्ही पुन्हा भरून पाठवली. असं वर्षभर चाललं. ह्या वर्षी पावसाळ्यानंतर तो स्वतः आला. बागेत उभा राहिला, कारल्याच्या मांडवाखाली डोकं वाकवून. म्हणाला, ‘बांबू कुजलेत, बदलायला पाहिजेत.’ आणि पुढच्या शनिवारी बांबू घेऊन आला. दिवसभर मांडव बांधला. जेवला. उपासनेचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही. रविवारी सकाळी आम्ही तयार होऊन निघालो तेव्हा तो झोपलेला होता. आमच्यापैकी एकाचा हात दार वाजवायला वर गेला होता. मग आम्ही हळूच कडी लावून निघालो.

एवढंच आहे. ह्याच्या पुढचं आम्हालाही माहीत नाही.

पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरियेने येशूला माळी समजलं, हे योहानाने लिहून ठेवलंय. ती चुकली असं आपण उपदेशात सांगतो. आम्हाला बागेत काम करताना कधी कधी वाटतं, ती फारशी चुकली नव्हती.

बाहेर टेबलावर वालाच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत, घरच्याच आहेत. भात कापून झालं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल येतो, म्हणून हेच दिवस पेरणीचे. दोन बोटं खोल पेरा, फार पाणी घालू नका, मावा दिसला तर सकाळी दवात राख भुरभुरवा. ज्यांच्या घराखाली भराव आहे त्यांनी आधी एकदा खणून बघा. आमच्याकडे दोन पहारी आहेत, हव्या असतील तर घेऊन जा.