विश्लेषण : स्टार्टअपला गुंतवणूक मिळाली, पण फाउंडरच्या हातात काय उरते? टर्म शीटवर सही करण्याआधी हे वाचा

‘अमुक स्टार्टअपला १० कोटींची गुंतवणूक’ अशा बातम्या तुम्ही रोज वाचता. ते १० कोटी कोणत्या अटींवर आले, हे मात्र बातमीत सहसा नसते. उद्या कंपनी विकली गेली तर फाउंडरच्या हातात किती पडणार, हे या अटींवर ठरते. त्या लिहिलेल्या असतात टर्म शीटमध्ये.

टर्म शीट म्हणजे काय?

गुंतवणूकदार किती पैसे देणार, बदल्यात किती हिस्सा घेणार आणि त्याला कोणते हक्क मिळणार, याचा हा काही पानांचा मसुदा. त्यातल्या बहुतेक अटी सहसा कायद्याने बंधनकारक नसतात. गोपनीयता आणि ठरावीक काळ दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलणी न करणे, या अटी मात्र बंधनकारक ठेवल्या जातात. पुढचा करार याच मसुद्यावरून तयार होतो. त्यामुळे घासाघीस करायची ती सहीच्या आधी.

हिस्सा किती कमी होतो?

समजा, दोन फाउंडरांकडे प्रत्येकी ५० टक्के हिस्सा आहे. गुंतवणुकीआधी कंपनीचे मूल्य ४ कोटी ठरले आणि १ कोटी आले. आता मूल्य ५ कोटी आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के. कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर, म्हणजे ईसॉप, बाजूला ठेवा असे गुंतवणूकदाराने सांगितले आणि ते फाउंडरांच्याच हिश्शातून गेले, तर प्रत्येकाकडे उरतात ३५ टक्के. पुढे आणखी दोन फेऱ्यांत २०-२० टक्के हिस्सा दिला, की प्रत्येकी २२.४ टक्के. दोघांचे मिळून ४४.८ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी.

‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ची अट काय असते?

सर्वात काळजीपूर्वक वाचावी अशी अट हीच. कंपनी विकली गेली तर आधी पैसे कोणाला, हे ती ठरवते. समजा, गुंतवणूकदाराने १० कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला. कंपनीचे मूल्य झाले ५० कोटी. पुढे धंदा बसला आणि कंपनी १२ कोटींना विकावी लागली.

- साधा हिशेब केला, तर २० टक्क्यांचे २.४ कोटी होतात.
- ‘वन एक्स’ अट असेल, तर गुंतवणूकदार आधी आपले १० कोटी काढून घेतो. बाकी सर्वांसाठी उरतात २ कोटी.
- ‘टू एक्स’ असेल, तर त्याचा हक्क २० कोटींवर असतो. सगळे १२ कोटी त्यालाच जातात.

‘पार्टिसिपेटिंग’ हा शब्द दिसला तर आणखी सावध व्हा. त्यात गुंतवणूकदार आधी मुद्दल घेतो आणि उरलेल्या रकमेतही वाटा घेतो. कंपनी १०० कोटींना विकली गेली, तर साध्या ‘वन एक्स’मध्ये त्याला २० कोटी मिळतील, पार्टिसिपेटिंगमध्ये १० अधिक १८, म्हणजे २८ कोटी.

व्हेस्टिंग कशासाठी?

फाउंडरचे शेअर एकदम त्याच्या नावावर पक्के होत नाहीत. बहुतेकदा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने होतात. ही अट जाचक वाटते, पण कामाची आहे. सहा महिन्यांत सोडून गेलेला भागीदार निम्मी कंपनी घेऊन जाऊ शकत नाही.

पैसे खात्यात आले की लगेच खर्च करता येतात का?

नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार, खासगीरीत्या शेअर देऊन घेतलेली रक्कम शेअर वाटप करून पीएएस-३ हा फॉर्म भरेपर्यंत वापरता येत नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. पहिल्याच पैशातून पगार करण्याच्या घाईत अनेकांकडून हे राहून जाते आणि पुढे दंडाचा धोका असतो. एक दिलासा असा, की २०१२ मध्ये आलेला ‘एंजल टॅक्स’ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

गुंतवणूक घ्यायलाच हवी का?

पुण्याच्या क्विक हीलचे उदाहरण पाहा. कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून ही कंपनी उभी केली. सिकोया कॅपिटलचे ६० कोटी रुपये आले २०१० मध्ये. तोपर्यंत अँटिव्हायरसच्या विक्रीवर कंपनीची अनेक वर्षे निघाली होती. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. ग्राहकाकडून पैसे येत असतील, तर फाउंडरला वाट पाहता येते आणि नको ती अट नाकारता येते. दोन महिन्यांचेच पैसे उरलेले असताना ते जमत नाही.

सही करण्याआधी काय करावे?

- कंपनी कमी, मध्यम आणि जास्त किमतीला विकली गेली तर कोणाला किती मिळेल, याचा तक्ता एक्सेलमध्ये मांडा.
- ईसॉपचे शेअर कोणाच्या हिश्शातून जाणार, हे लेखी विचारा.
- कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची परवानगी लागेल, ती यादी वाचा.
- मसुदा स्वतःच्या वकिलाला आणि सीएला दाखवा. गुंतवणूकदाराचा वकील त्याचे हित पाहतो, तुमचे नाही.
- खर्चाला किमान सहा महिने पुरतील इतके पैसे हातात असतानाच बोलणी सुरू करा.